सासूबाईंनी धरलेली जागा

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून स्वतःची जागा धरणारी माणसं पैशाला पासरी मिळतील. पण न येणाऱ्या माणसासाठी वर्षानुवर्षं जागा धरून बसणारी बाई अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये एकच आहे, आणि ती माझ्या वाट्याला सासू म्हणून आली. दर रविवारी उपासनेच्या आधी त्या आमच्या देवळात शिरत, पिशवीतून धुतलेले, इस्त्री केलेले रुमाल काढत आणि बाकांवर एकेक मांडत जात. आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती माणसांना चर्चला देऊळ म्हणायची सवय आहे, तेव्हा मीही तसंच म्हणतो. हे सगळे रुमाल पुरुषांचे, आणि एकाही रुमालाचा मालक देवळात हजर नसे. ज्यांनी देवळाची पायरी चढायची सोडली, त्यांचेच ते रुमाल.

इथला माणूस देवापासून का लांब जातो, यावर मोठमोठ्या सभांमधून मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. सासूबाईंचं उत्तर एका वाक्याचं होतं. "गुरुवारच्या सुट्टीमुळं." भोसरीकडच्या कंपन्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. रविवारी माणूस मशीनवर उभा, आणि गुरुवारी देवळाला कुलूप. चार रविवार बुडले की लाज वाटते, लाज वाटली की पाचवाही बुडतो, आणि मग देवळाचे पाळकसाहेब समोरून येताना दिसले की माणूस गल्ली बदलतो. सासूबाई अशांना गुरुवारीच गाठत. तिथपर्यंत त्यांना स्कूटरवरून नेणारा बैल मी. माझीही सुट्टी गुरुवारचीच (रविवारी दुपारपाळी मागून घेतो, म्हणून माझं देऊळ तेवढं सुटलं नाही), आणि लग्नात ती आंदण दिली होती की काय, मला अजून कळलेलं नाही. मोशी झालं, चिखली झाली, एकदा तर राजगुरुनगरपर्यंत नेलं या बाईंनी मला, तेही एका वेल्डरसाठी.

बरं, तिथं जाऊन उपदेश करतील तर शपथ. पिशवीत शेंगदाण्याची चटणी असायची, ती द्यायच्या. पाणी किती वाजता येतं, पोरगी कितवीत आहे, सासूचं बीपी कसं आहे, सगळं विचारून व्हायचं. घरचा माणूस बिचारा आता देवाचं नाव निघेल, मग निघेल म्हणून आखडून बसलेला. आणि उठताना या म्हणायच्या, "तू काही येऊ नको हो. कामाचा माणूस तू. तुझा एक रुमाल तेवढा दे." माणूस चक्रावून रुमाल देऊन टाकायचा. तो वेल्डर तीन महिन्यांनी दापोडीला घरी येऊन म्हणाला, "मावशी, माझा रुमाल द्या ना परत, बायको विचारतीय." सासूबाई म्हणाल्या, "बाकावर आहे, रविवारी जाऊन घे." अर्धी रजा टाकून घ्यायला गेला तो शेवटचा आशीर्वाद होईपर्यंत बसून राहिला. आज तो देवळाचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळीत आहे आणि सगळ्यांना वेळेवर या म्हणून दम देतो.

नाताळात मात्र कहर व्हायचा. देऊळ दारापर्यंत भरलेलं, पाहुणे भिंतीला टेकून उभे, आणि मधूनमधून बाकावर नुसता रुमाल. कोणी विचारलं, "इथं कोणी येणार आहे का?" की उत्तर ठरलेलं. "येणार आहे." कधी, असं विचारलं तर, "ते त्याला विचारा." नवे पाळकसाहेब एकदा काकुळतीला येऊन म्हणाले, "आई, लोक नाराज होतात." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "साहेब, हरवलेल्या मेंढराचा उपदेश मागच्या रविवारी तुम्हीच केलात. ते परत आल्यावर त्याला उभं करणार का?" पाळकसाहेब स्वतःच पाहुण्यांसाठी खुर्च्या आणायला गेले.

पण पुढून दुसऱ्या बाकावर, ढोलकीच्या शेजारी, निळ्या किनारीचा एक रुमाल असे. तो त्या सगळ्यात आधी मांडत आणि दोनदा सारखा करत. तो माझ्या मेहुण्याचा. ढोलकी वाजवायचा तो त्याच जागेवर बसून, आणि असा वाजवायचा की म्हाताऱ्यांच्याही माना हलायच्या. सासरे आजारी पडले तेव्हा त्यानं उपास धरून प्रार्थना केली होती. सासरे गेले. त्या दिवसापासून ढोलकीही बंद आणि देऊळही. त्याची कंपनी चाकणला, सुट्टी रविवारची, म्हणजे बिचाऱ्याला सबबसुद्धा नव्हती. दर रविवारी आईला मोटरसायकलवरून गेटपर्यंत सोडायचा आणि उपासना संपेपर्यंत समोरच्या टपरीवर चहा पीत बसायचा. आपला एक रुमाल आत बसलेला आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

मी एकदा न राहवून म्हणालो, "आई, जगाच्या पोरांना गाठायला मला उन्हातान्हात फिरवता, घरच्याला एक शब्द बोलत नाही." त्यांनी निळ्या किनारीवरून इस्त्री फिरवली. मग म्हणाल्या, "दुसऱ्याच्या पोराशी बोलता येतं हो, जावईबापू. स्वतःच्या पोराशी बोलायला गेलं की जेवलास का, एवढंच निघतं तोंडातून. आणि नाही म्हणाला तर मी कुठं जाऊ?" एवढी धीट बाई, पण या एका नकाराला घाबरत होती. मी त्यानंतर गुरुवारची कुरकुर कमी केली. बंद केली असं म्हणणार नाही.

मग तो हंगामाचा सण आला. आमच्यात त्या दिवशी जो तो घरचं पिकलेलं देवापुढं आणून ठेवतो, आणि उपासनेनंतर अंगणातल्या मांडवात त्याचा लिलाव होतो. सासूबाईंनी परसातला एक अवाढव्य भोपळा आणला होता. तो उचलायला मेहुणा उपासना सुटताना गेटच्या आत आला, मांडवाच्या कडेला भोपळा ठेवला आणि घाम पुसत तिथंच थांबला. सासूबाई भोपळ्याच्या नादात रुमाल गोळा करायचं विसरल्या. तरुण संघातली मंडळी यंदा नवीन. बाकांवर इस्त्रीचे कोरे दिसणारे रुमाल पाहून त्यांना वाटलं, हेही कोणीतरी अर्पण केलंय, आणि त्यांनी ते कोंबड्या-कणसांबरोबर मांडवात आणले.

लिलाव पुकारणारे, आमच्या देवळात नुकतेच यायला लागलेले एक निवृत्त फोरमन. त्यांनी पहिलाच रुमाल उचलला, निळ्या किनारीचा. "बोला राव, धुतलेला, इस्त्रीचा, घ्या आणि वापरा." सासूबाई ताडकन उभ्या राहिल्या आणि बोली लावली. लोकांना वाटलं म्हातारी गमतीत आहे, म्हणून कोणीतरी वरची बोली लावली. त्यांनी पुन्हा वाढवली. लोक हसत होते, बोली चढत होती, आणि सासूबाईंचा आवाज कापायला लागला होता. तो कापरा आवाज गर्दीत फक्त दोघांना ओळखू आला. एक मी. दुसरा पुढं झाला आणि म्हणाला, "थांबा. तो विकायचा नाही. माझा आहे."

फोरमन म्हणाले, "भाऊ, तुझा, तर बाकावर कसा सापडला?"

मेहुण्यानं आईकडे पाहिलं. आई मान खाली घालून उभी. मांडवातल्या जुन्या लोकांना तो बाक कोणता हे माहीत होतं, ते सगळे मेहुण्याकडे बघायला लागले. त्याला समजायला तेवढंच पुरे झालं असावं. "जागा धरलीय माझी," तो म्हणाला.

रुमाल घेऊन तो बाहेर गेला नाही. सगळे मांडवात असताना एकटाच रिकाम्या देवळात जाऊन दुसऱ्या बाकावर बसला. मला वाटलं सासूबाई धावत जातील. त्या डोळे पुसून मला म्हणाल्या, "जावईबापू, त्या भोपळ्याचं बघा कोणी घेतंय का. पडून राहायला नको."

पुढच्या रविवारी त्यानं टपरीकडे पाहिलं आणि आत आला. ढोलकीला हात लावायला मात्र नाताळ उजाडला. मला एकदा म्हणाला, "दाजी, देवावरचा राग काही गेला नाही माझा. पण तो बसूनपण धरता येतो की." मला हे उत्तर पाळकसाहेबांच्या कुठल्याही उपदेशापेक्षा पटलं. आणि ही माणसं आपली आहेत, याचा मला त्या दिवशी इतका अभिमान वाटला की घरी येऊन बायकोला मी दोनदा सांगितलं.

आता सासूबाईंचे गुडघे गेलेत. दापोडीच्या घरातून त्या बाहेर पडत नाहीत. गुरुवारी कामावरून सुटला की मेहुणाच मोटरसायकलवरून फिरतो, चटणी त्याची बायको करते. रविवारी रुमाल तोच मांडतो, आणि सगळ्यात आधी आपल्या शेजारी एक लहानसा, डांबरगोळीचा वास येणारा बायकी रुमाल ठेवतो. परवा नाताळात एका पाहुण्यानं विचारलं, "इथं कोणी येणार आहे का?"

"येणार आहे," मेहुणा म्हणाला. कधी, ते पाहुण्यानं विचारलं नाही, हे बरं झालं.

आम्ही घरी परतलो की सासूबाई उपदेश काय झाला हे विचारत नाहीत. खाटेवरून आधी एवढंच विचारतात, "माझ्या जागेवर कोणी बसलं नाही ना रे?"

"नाही, आई," तो म्हणतो. "धरलीय."