टॅक्सीच्या बॅटरीवर चढलेलं सोनं

मी सिग्नल प्लाटूनचा हवालदार. गिरण्यांचा संप मोडून काही वर्षं झाली होती. सुट्टीवर लालबागला निघालो तेव्हा सीओ साहेबांनी काम दिलं. आमच्या प्लाटूनमधला नायक हुद्द्याचा दामू तुटलेली टेलिफोन लाइन जोडताना शहीद झाला होता. त्याच्या नावाचं नाणं घडवायचं. रविवारी चार वाजता दादरच्या हॉलमध्ये साहेब ते त्याच्या आईला देणार होते.

दामूची आई प्रभादेवीला मासे विकायची. हात दिवसभर खाऱ्या पाण्यात. नाणं पितळाचं घडवून घेतलं, पण नुसतं पितळ तिच्याकडे आठवड्यात हिरवं पडलं असतं. म्हणून चिंचपोकळीला बबनकडे गेलो. आधी गिरणीत फिटर, संपानंतर प्लेटिंगवाला, धातूवर मुलामा चढवणारा.

"आधी निकेल, वर सोनं," बबन म्हणाला. "निकेल पितळाला वर येऊ देत नाही. घासा, घाम लागू दे, टिकतं. सोनं चिमूटभर, पण दिसायला अख्खं सोन्याचं!"

रविवारी दुपारी दोनला नाणं निकेलच्या टाकीत होतं आणि गल्लीची लाइट गेली.

"मेलो!" बबन ओरडला. "करंट मध्येच तुटला. आता यावर सोनं चढवलं तर त्याचा पापुद्रा निघेल."

"उपाय?"

"ॲसिडात बुडवून परत निकेल. पण करंट कुठाय?"

प्लेटिंगला लागतो बॅटरीसारखा करंट. आईच्या गावात! आम्ही सिग्नलवाले जन्मभर बॅटरीवरच जगलो! नाक्यावर टॅक्सी उभी होती. धावलो.

"भैया, बॅटरी निकालो!"

"कायको?"

"फौजी का काम है. शहीद का."

त्यानं लगेच पाना काढला.

बारा व्होल्टनं नाणं करपलं असतं, म्हणून मध्ये हेडलाइटचा बल्ब जोडला. तो मिणमिणला आणि माझ्या अंगावर काटा आला.

"बबन, रिपोर्ट!"

"चढतंय साहेब, चढतंय!"

मग सोन्याची टाकी. नाणं बाहेर आलं तेव्हा बघायला जमलेली अख्खी चाळ ओरडली. काय झळकत होतं! बॅटरी परत बसवली आणि त्याच टॅक्सीनं दादर गाठलं. चारला पाच कमी.

साहेबांनी सॅल्यूट करून नाणं दिलं. आईनं दामूच्या नावावर अंगठा घासला.

"मिठानं कालं परंल काय रं?"

"नाय आई. आत निकेल आहे."

दामू सुट्टीवर आला की सकाळी आईकडून पहिलं पापलेट स्वतःच विकत घ्यायचा. आईच्या हातात दिवसाचा पहिला पैसा त्याचाच पडायला हवा, हा त्याचा हट्ट. मला ते आठवलं आणि डोळे भरून आले.

आईनं नाणं कपाळाला लावलं, कमरेच्या पिशवीत टाकलं.

"बोहनी केली माज्या दामूनं," ती म्हणाली.