निळ्या मालिकेच्या कडा

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझी बाजू घ्यायला नको. निळ्या मालिकेच्या दहा पुस्तकांच्या कडा मी कापून आणल्या, आमच्या बाइंडरकाकांना न विचारता. त्या कडांवर पेन्सिलीनं त्यांच्या लेकीनं लिहिलेलं होतं, आणि ती लेक आता नाही. मला ठाऊक नव्हतं, हे खरं आहे. पण ठाऊक करून घ्यायला मला तेरा वर्षं मिळाली होती, हेही तितकंच खरं.

मी वाचनालयात ग्रंथपाल. काका माझ्याही आधीपासूनचे. जुन्या मासिकांच्या कपाटांपलीकडे त्यांची खोली. खोली कसली, खिडकी असलेला बोळच. एक लांब टेबल, खळीचं पातेलं, दाभण, दोऱ्याची रिळं आणि पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस. त्याचं चाक फिरवताना काकांचा सगळा किडकिडीत देह चाकाबरोबर फिरायचा. कानावर पेन्सिल. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि दोरा तोच, पुस्तकं शिवायचा. खुर्ची असून कधी बसले नाहीत. "बसलं की खळ वाळते," म्हणायचे. त्या खळीचा वास त्यांच्या बोटांना इतका पक्का बसला होता, की ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले की मान वर न करताच मला कळायचं.

आता पुस्तकांचं. आमच्याकडे सगळ्यात जास्त वाचल्या जातात त्या दोन मालिका, आणि दोन्ही रक्तपिशाचांच्या. लोक त्या नावानं मागतच नाहीत, पुठ्ठ्याच्या रंगानं मागतात. "लालचा चौथा आलाय का?" "निळीचा नववा कुणाकडे अडकलाय?" लाल मालिकेतला पिशाच गावचा डॉक्टर. सभ्य, हसरा, नाडी बघता बघता मान बघणारा. नऊ भागांत त्याला एकदाही पश्चात्ताप होत नाही. निळीतला पिशाच म्हणजे घड्याळजीचा एकोणीस वर्षांचा मुलगा. पहिल्याच भागात मरतो, पिशाच होतो, आणि पुढचे दहा भाग संध्याकाळ झाली की आईच्या दाराशी येऊन उभा राहतो. आतून कुणी "ये" म्हटल्याशिवाय पिशाचाला उंबरा ओलांडता येत नाही, हा नियम दोन्हीकडे आहे. लालमधला डॉक्टर गोड बोलून स्वतःला आत बोलावून घेतो. निळीतला मुलगा काही मागतच नाही. भागागणिक आई म्हातारी होत जाते, आणि हा आपला एकोणीसचाच.

मी कट्टर लालवाली. त्यावरून काकांचं नि माझं रोज वाजायचं.

"पिशाच म्हटलं की भीती वाटली पाहिजे हो, काका," मी म्हणायचे. "तुमचा तो निळा म्हणजे नुसता रडूबाई. दाराशी उभा राहून मुळुमुळु रडतो."

"भिऊन भिऊन माणूस किती भिणार, बाई? लालमध्ये कोण मरणार ते तिसऱ्या भागातच कळतं."

"आणि तुमच्यात काय होतं? काहीच होत नाही!"

"मला नका विचारू, पुस्तकाला विचारा," म्हणत ते दोन्ही मालिकांचा एकेक भाग टेबलावर आडवा ठेवायचे. लालची पहिली साठ पानं हाताळून काळवंडलेली, पुढची कोरी करकरीत. "हे बघा, इथं लोक झोपले." निळीचा मळ मात्र पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत सारखा. शेवटच्या भागाचा शेवटचा फर्मा, म्हणजे सोळा पानांची शिवलेली घडी, दरवर्षी निसटून हातात यायचा. "इथवर येऊन लोक परत मागं जातात. पुन्हा वाचतात. उगाच शिवण तुटत नाही."

असा न्यायनिवाडा मी दुसरीकडे कुठे ऐकलेला नाही. पण मी कसली ऐकते! "तुमच्या त्या शेवटाचं कौतुक मला नका सांगू," मी सुरू व्हायचे, "ती आई शेवटी..." की काका दोन्ही कानांवर हात ठेवून चालू पडायचे. मला वाटायचं, चिडले. मला गंमत वाटायची.

एक गोष्ट मात्र खटकायची. लाल पुस्तकं ते सुरेख बांधत, कडा अगदी सरळ कापून. आणि स्वतःच्या लाडक्या निळ्या मालिकेला कटिंग मशीन लावतच नसत. पानं मागंपुढं, कोपरे दुमडलेले, कडा कुरतडल्यासारख्या. वर पहिल्या सात भागांच्या समासांत, अगदी कडेपर्यंत, पेन्सिलीची बारीक गिचमीड. पुस्तकात लिहिणाऱ्यांचा मला मनस्वी राग. रुजू झाले त्याच दिवशी मी काकांना बजावलं होतं, की बांधणीला आलेल्या पुस्तकातली पेन्सिल खोडायची, एक अक्षर शिल्लक दिसता कामा नये. बाकीच्या पुस्तकांतलं त्यांनी इमानेइतबारे खोडलं. निळीचं विचारलं की म्हणायचे, "खोडरबर संपलंय, बाई." मी नवं आणून द्यायचे. तेही संपायचं. तेरा वर्षं एका माणसाची खोडरबरं संपत होती, आणि मी समजत होते काका आळशी आहेत.

गेल्या वर्षी त्यांनी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी महिनाभराची रजा मागितली. "छापलेलं दिसतं," म्हणाले, "पेन्सिल दिसेनाशी झालीय."

"मग बरंच की!" मी हसून म्हटलं. "तुम्हाला तशीही ती कधी दिसली नाही." काकाही हसले. बिचारे.

त्या महिन्यात वाचनालयात नवी कपाटं आली, आणि ती बघायला समितीची माणसं येणार होती. काचेआड निळी मालिका लावली आणि मला तिची लाज वाटली. फाटक्या कपड्यांत पोरं उभी करावीत तशी ती पुस्तकं दिसत होती. काका असते तर कुरकुरले असते. ते नाहीत तोवर उरकून घेऊ म्हणून मी मालिका एका छापखान्यात पाठवली. सातवा भाग कपडे शिवणाऱ्या एका टेलरबाईंकडे आठ महिने अडकून पडला होता, तीन पत्रं धाडूनही येत नव्हता. म्हणून दहाच पाठवले. छापखानेवाला म्हणाला, "कडा फारच गेल्यात, बोटभर कापावं लागेल." मी म्हटलं, "कापा की! त्यात विचारायचं काय?"

चार दिवसांत पुस्तकं आली. एका रेषेत, देखणी. माझ्या आनंदाला पारावार नव्हता.

काका परत आले ते नवा चष्मा लावून. माझ्याशी न बोलता थेट कपाटाकडे गेले. मी मागोमाग. "कशी दिसतायत?" त्यांनी पहिला भाग काढला, उघडला, ठेवला. मग दुसरा. असे सहा भाग एकेक करून पाहिले. समासात पेन्सिलीच्या प्रत्येक ओळीची पहिली एक-दोन अक्षरं उरली होती, आणि पुढे कागदच नव्हता. सहाव्याच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. मग सातव्याची रिकामी जागा पाहिली. तो कुठे आहे, हेही त्यांनी विचारलं नाही. तोही गेला असंच धरून चालले.

"कापलीत छान," म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "तुमचंच खरं, बाई. लालच चांगली."

तेरा वर्षांनी जिंकले म्हणून मी टाळी वाजवली हो. खरंच वाजवली.

दुसऱ्या दिवशी झाडलोट करणाऱ्या मावशी केर अर्धा टाकून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "हे काय करून बसलात, बाई?" मग त्यांनी सांगितलं. काकांची एकुलती एक मुलगी. कॉलेज सुटलं की इथे यायची, बापाच्या टेबलाखाली मांडी ठोकून पिशाचांची पुस्तकं वाचायची. निळी वाचताना समासात लिहायची, की इथं लालमधल्या डॉक्टरनं काय केलं असतं, दोघांत खरा पिशाच कोण. पुढच्या वाचकानं खाली उत्तर लिहावं म्हणून लिहायची. बापाशी तर रोज भांडण. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि गेली. मी रुजू व्हायच्या दोन वर्षं आधी. तीही एकोणीसचीच.

"तिचं अक्षर दिसेना म्हणून तर डोळ्यांचं करून घेतलं त्यांनी," मावशी म्हणाल्या.

"मग मला आधी सांगितलं का नाही कुणी?"

"काय सांगणार? तुम्ही नियमाच्या बाई. खोडूनच टाकलं असतंत."

खोडूनच टाकलं असतं मी.

तशीच उठून छापखान्यात गेले. कातरण पोत्यांत भरून केव्हाच लगद्याला गेली होती. "कागदाच्या पट्ट्या त्या, बाई, त्यांचं काय करणार होता?" छापखानेवाला म्हणाला. त्याचा काय दोष? दारात उभी राहून मी रडले, भर रस्त्यात, माझ्या वयाची बाई. आणि तिथेच मला सातवा भाग आठवला.

टेलरबाई मला दारात बघून पांढऱ्याफटक पडल्या. "आणूनच देणार होते हो! दंड..." म्हणाल्या. "दंड राहू दे, पुस्तक द्या," मी म्हटलं. शिवणयंत्राशेजारच्या चिंध्यांच्या ढिगातून त्यांनी ते काढलं. मागंपुढं पानं, कुरतडलेल्या कडा. त्यांच्याच पायरीवर बसून मी ते उघडलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती गिचमीड वाचली.

"डॉक्टर असता तर गोड बोलून एव्हाना आत पोचला असता. हा थांबतो. मला थांबणाऱ्याचीच जास्त भीती वाटते." असं एका पानावर. पुढे एका पानावर, "बाबा कट्टर लालवाले. निळीत रडायला येतं म्हणून वाचत नाहीत. भित्रे!"

ते वाक्य मी दोनदा वाचलं. बाबा लालवाले! म्हणजे तेरा वर्षं काका माझ्याशी भांडले ते स्वतःच्या बाजूनं नव्हेच. तिची बाजू मांडायला ती नव्हती, म्हणून ते मांडत होते. आणि तिचं अक्षर गेलं तेव्हा तेही थांबले.

शेवटचं लिखाण एकशे बाराव्या पानावर होतं. त्यानंतर समास कोरे.

मी सरळ काकांच्या बोळात गेले. ते एका पुठ्ठ्याला खळ लावत होते. "काका, चुकले मी," म्हटलं आणि ते पान उघडून समोर ठेवलं. त्यांनी हात पुसले. परत पुसले. मग वाकून, ओठ हलवत वाचलं. मला पाठच झालं होतं ते. "पैज! शेवटच्या भागात आई त्याला आत घेणार. बाबा म्हणतात, शक्यच नाही, पिशाचाला घरात कोण घेतं? हरेल त्यानं इथंच लिहून द्यायचं."

काका खुर्चीवर बसले. मी त्यांना बसलेलं पहिल्यांदा पाहिलं.

"मला शेवट माहीत नाही, बाई," म्हणाले. "ती गेल्यावर निळी हातात धरली, पण ह्या पानापुढं गेलोच नाही. वाचलं असतं तर पैज संपली असती. मग तिचं-माझं काय उरलं असतं?"

त्यांनी पानाचा दुमडलेला कोपरा बोटानं सरळ केला.

"आता सांगा. घेते का ती त्याला?"

ज्या शेवटाची मी तेरा वर्षं टर उडवत होते, तो मला आता त्यांच्या तोंडावर सांगायचा होता. "घेते," मी म्हटलं. "तोवर तिची नजर गेलेली असते. दाराशी कोण आहे तेही विचारत नाही. नुसती म्हणते, 'ये. किती उशीर केलास.'"

"तो पिशाच आहे, हे ठाऊक असतं तिला?"

"पहिल्या भागापासून ठाऊक असतं."

काकांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. "मीही घेतलं असतं हो," म्हणाले. "तेव्हा उगाच नाही म्हणालो. तिला चिडवायचं म्हणून." मग कानावरची पेन्सिल काढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लिहू का?"

"लिहा, काका."

तिच्या ओळीखाली, कडेला लागून, त्यांनी लिहिलं, "हरलो. बाबा." मग कडा न कापता तो भाग प्रेसमध्ये ठेवला आणि चाक फिरवायला मला जवळ बोलावलं.