चाओकची सोंगीची जागा

पाइनच्या झाडांखाली सोंगी ही महागडी अळंबी नेमकी कुठे उगवते, हे चाओकला सासूने मरताना कानात सांगितलं, तेही दार लावून. नवऱ्याला चाओकने शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही. दारू चढली की गावभर बोंबलला असता. चाळीस वर्षं ती डोंगरावर आधी उलट्या दिशेने जायची, झुडपाआड बसून मागे कोण येतंय ते बघायची आणि मगच वळायची. गावात सगळ्यांचीच हीच तऱ्हा.

यंदाच्या वसंतात वणवा नऊ दिवस पेटत राहिला. विझल्यावर चाओक धापा टाकत वर गेली. सगळा डोंगर काळाठिक्कर, पण ओढ्यापलीकडची तिची झाडं हिरवीगार! तिने झटकन मागे वळून पाहिलं. खोऱ्यात उरलेली ही एकच जागा. कुणाला कळलं तर?

सभागृहात सरकारी कारकुनाने नकाशा पसरला. "आपापल्या सोंगीच्या जळलेल्या जागेवर बोट ठेवा. तिथे नवी रोपं लावू."

कुणी हलेना.

"आधी तुम्ही ठेवा, दोक्सूभाऊ."

"छे छे, आधी बायकांचा मान!"

"अहो, राख झाली सगळी! आता चोरणार काय?" कारकून कावला.

"राखेखाली मुळं असतात, साहेब," असं म्हणत दोक्सूने टोपीने हात झाकला आणि टोपीखाली बोट टेकवलं. मग तीच टोपी सगळ्यांनी मागून घेतली. दरवेळी कारकून वाकून आत डोकावायचा.

चाओकची पाळी आली. खोटी जागा दाखवायचं तिने घरूनच ठरवलं होतं.

"आजी, इथे तर तळं आहे!"

सगळी खोली हसली. "काय हो चाओकवहिनी," दोक्सूने डोळे बारीक केले, "तुमची जळलीच नाही की काय?"

चाओकची कानशिलं तापली. "नाही जळली! हिरवीगार आहे! चला सगळे, आत्ता दाखवते!"

दोक्सूने मांडीवर थाप मारली. "ऐकलंत? म्हातारी आपल्याला राखेतून फरफटवणार! हिचीही गेली, बरं का, लिहून ठेवा!"

सगळे पोट धरून हसले. धाकटी जाऊ सुन्नाम तेवढी हसली नाही.

बाहेर पडल्यावर चाओकने मुद्दाम जळक्या उताराची वाट धरली. मागे काठी वाजली.

"जाऊबाई, एवढ्या घाईने कुठे?"

"नवऱ्याच्या थडग्यावरची राख झाडायला."

"चला की, मीही येते."

चाओकने उतारावर बसकण मारली, डोक्यावरच्या रुमालाने वारा घेतला आणि शेजारचा दगड थोपटला. "ये, बस गं. मला मुळीच घाई नाही."

सुन्नामही बसली.