फाट्यावरचा माणूस

रविवारी संध्याकाळी आमच्या बाथरूममध्ये पाय ठेवायची सोय नसते. बादलीत बूट, बेसिनमध्ये हातमोजे, खुंटीवर चिखलाने ताठ झालेली पँट आणि जाळीवर पाचोळ्याचा लगदा. एकदा त्यात मला जळू सापडली, जिवंत. मी किंचाळले तर माझा धाकटा भाऊ शांतपणे आत आला, तिला चिमटीत धरून खिडकीबाहेर सोडलं आणि म्हणाला, "बिचारी आपल्याबरोबर फुकट फिरून आली, ताई." एक्कावन्न वर्षांचा घोडा! जळूची शिसारी आलीच, पण जास्त राग आला तो त्या 'बिचारी'चा. याला सगळेच बिचारे वाटतात.

मी लाँड्री चालवते. खाली दुकान, वर दोन खोल्या, त्यात आम्ही दोघं भावंडं. माझं लग्न मोडलं आणि त्याचं झालंच नाही, यापलीकडे त्या विषयात सांगण्यासारखं काही नाही. तो इस्पितळात प्लास्टर घालतो. डॉक्टर नव्हे. डॉक्टर हाड बसवून हात धुतात आणि पुढचं सगळं हा करतो. तीस वर्षं दुसऱ्यांचे मोडलेले हातपाय गुंडाळणारा माणूस दर रविवारी स्वतःचे मोडून घ्यायला डोंगरात जातो, याला काय म्हणावं?

त्याची मोटारसायकल म्हणजे मोटारसायकलचा सांगाडा आहे. शंभर किलोसुद्धा भरत नाही. सीट नावापुरती, कारण ती बसून चालवायचीच नसते. डोंगराच्या पायथ्याशी पोचलं की टायरमधली निम्मी हवा काढून टाकायची, म्हणजे टायर दगडाला धरून चालतात. परतताना हातपंपाने ती पुन्हा भरायची. एकदा त्याच्या आग्रहाला बळी पडून मी बघायला गेले होते. त्याच्या मोटारसायकल क्लबातले बाकीचे लोक धुरळा उडवत, इंजिनं केकाटत, झाडाच्या मुळ्या सोलून काढत वर गेले. मी लांब झाडामागे जाऊन उभी राहिले, अर्धी धुराला आणि अर्धी त्यांच्या आरडाओरड्याला वैतागून. मग सगळ्यात शेवटी हा आला. कोरड्या ओढ्यात माठाएवढाले दगड, आणि हा त्यावरून चालत्या माणसाच्या वेगाने, उभा, गुडघे वाकवून, एक बोट क्लचवर. एका जागी तो पाय न टेकता दोन चाकांवर नुसता थांबला, पुढच्या दगडाकडे बघितलं, मनाशी काहीतरी ठरवलं आणि गेला. एक खडासुद्धा मागे उडाला नाही. मला ते आवडलं. आवडलं म्हणून चिडचिड झाली, कारण त्यानंतर नाक मुरडायला पूर्वीसारखा जोर येईना.

क्लबात त्याला शेपूट म्हणतात, तोंडावर. तो नेहमी सगळ्यांच्या मागे असतो म्हणून. मागे असतो तो हळू चालवतो म्हणून नव्हे; कोणीतरी मागे राहावंच लागतं आणि बाकी कुणाला ते नको असतं म्हणून. त्यांची एक पद्धत आहे. कप्तान सर्वांत पुढे. वाटेला फाटा आला की कप्तानाच्या लगेच मागे जो असेल त्याने तिथे थांबायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाला हाताने दिशा दाखवायची. शेपूट येऊन पोचेपर्यंत त्याने जागा सोडायची नाही. शेपूट दिसला की मगच निघायचं. पुढच्या फाट्यावर दुसरा कोणी. असं केलं की नकाशा नको, फोन नको, वाट ठाऊक नसलेला माणूससुद्धा हरवत नाही. मला त्यांच्यातली आवडणारी गोष्ट तेवढी एकच.

या लोकांना मी तोंडाने कमी आणि कपड्यांनी जास्त ओळखते. निम्म्या क्लबाचे कपडे माझ्याकडे येतात, ही भावाची कृपा. कोण बाहीला नाक पुसतो, कोण खिशात सिगारेटची थोटकं ठेवतो, कोण चघळलेलं च्युइंगम पँटला चिकटवून विसरतो, ते मला विचारा. त्यांच्यातला एक दंतवैद्य तर लोकांना स्वच्छतेवर प्रवचनं देतो आणि त्याच्या कॉलरवर असा काळपट थर असतो की मी तो कपडा लाकडी चिमट्यानेच उचलते.

तर दोन आठवड्यांपूर्वीचा रविवार. क्लबात एक नवीन बाई आल्या होत्या. चाळिशीच्या, चष्मा, एका वाचनालयात ग्रंथपाल. हा त्यांचा तिसराच रविवार. भाऊ आणि बाकीचे अकराच्या अकरा जुने. चढावर बाईंची गाडी बंद पडली, ती भावाने चालू करून दिली. तेवढ्यात त्याच्याच मागच्या टायरमध्ये काटा घुसला. तो बाईंना म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. फाट्यावर माणूस असेल, तो दाखवेल." आणि ट्यूब काढायला बसला.

त्याला पाऊण तास लागला. बाई पुढे गेल्या. फाट्यावर माणूस दिसला नाही, म्हणून त्या सरळ गेल्या, आणि सरळ गेलं की शंभरेक पावलांवर जुनी दगडखाण आहे.

मागून भाऊ फाट्यावर पोचला. तिथे कोणीच नाही. तो थांबला. त्याला वाटलं, जो कोण होता तो कंटाळला असेल आणि बाईंना घेऊन गेला असेल पुढे. अकरा वर्षांची पायाखालची वाट. तो उजवीकडे वळला. खाली सगळे जमले, मोजदाद झाली, तेव्हा एक गाडी कमी. मग शोधाशोध. बाई सापडल्या त्या चार तासांनी, खाणीच्या तळाशी, नडगीचं हाड मोडलेल्या अवस्थेत. भावानेच शोधलं, टायर काढायच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी लावून पाय जुन्या ट्यूबने बांधला, आणि पाठुंगळी घेऊन वर आणलं.

दुसऱ्या दिवशी कप्तान फळांची टोपली घेऊन इस्पितळात गेला आणि बाईंना म्हणाला, "फाट्यावर दंतवैद्य उभे होते की. हात दाखवत होते. तुमचं लक्ष नसेल. चष्म्यावर धूळ बसली असेल."

दंतवैद्य म्हणाला, हो, उभा होतो. शेपटाला लांबून पाहिलं, त्याने हात केला, मग मी निघालो.

आणि माझा भाऊ काय म्हणाला? काही नाही. मिठाची गुळणी धरून बसला. रात्री जेवताना मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "मला कोणी दिसलं नाही, ताई. पण ते म्हणतात मी हात केला. केला असेल एखादे वेळी, झाडाची फांदी बाजूला करताना."

"आणि ती बाई?"

"ती सगळ्यांची माफी मागतेय. माझ्यामुळे तुमचा रविवार वाया गेला, म्हणते."

माझा घास तोंडातच राहिला. मोडक्या पायाची बाई धडधाकट पायाच्या बारा जणांची माफी मागतेय, आणि ते ती घेतायत!

पुढच्या आठवड्यात मंगळवारी दंतवैद्याचं गाठोडं आलं, त्याच रविवारच्या कपड्यांचं. आता चिखलाबद्दल मला कुणी शिकवू नये. त्या फाट्यावर बारा महिने पाणी झिरपतं आणि तिथला चिखल काळाकुट्ट, कुजक्या वासाचा आहे. यांच्या पँटी बुटांवरून येतात. तिथून नुसती गाडी नेली तर मागे शिंतोडे उडतात. पण उभं राहायचं तर पाय टेकावाच लागतो, आणि पाय टेकला की पँटची मोहरी भिजून वीतभर काळी होते. तो डाग तीन पाण्यांतही निघत नाही. अकरा वर्षांत त्या फाट्यावर थांबलेल्या प्रत्येकाची पँट मी घासलेली आहे. दंतवैद्याच्या पँटवर शिंतोडे होते. मोहरी कोरडी होती, पिवळी धूळ तेवढी बसलेली.

म्हणजे तो लवकर निघाला असंही नव्हे. तो थांबलाच नव्हता.

संध्याकाळी तो कपडे न्यायला आला तेव्हा मी ती पँट न धुता काउंटरवर पसरली आणि मोहरीवर बोट ठेवलं. समजायला त्याला वेळ लागला नाही. गोरामोरा झाला असता तर मी एक वेळ त्याला माणसात धरलं असतं. तो हसला.

"ताई, तुम्ही पोलिसात असायला हव्या होत्या," तो म्हणाला. "अहो, सगळे जुनेच होते ना. एकट्या बाईसाठी त्या घाणीत कोण उभं राहणार? आणि हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या मागून नऊ जण गेले, त्यांना काय मी तिथे दिसलो? कप्तानालाही माहीत आहे. विषय संपलाय."

"संपला कसा? ती बाई स्वतःला आंधळी समजतेय."

"मग तुमच्या भावाला सांगा ना बोलायला. तोही तिथे आला होता. त्याने तरी तेव्हा कुठे शोधलं?"

मी पँट त्याच्या अंगावर फेकली. काउंटर फिनाइलने पुसून काढला, हात दोनदा धुतले, तरी त्याचं ते हसू अंगाला चिकटून राहिल्यासारखं वाटत होतं. बारा माणसं, प्रत्येकाला घरदार, दुकानं, दवाखाने, आणि एकाच्याही तोंडातून शब्द फुटू नये! दंतवैद्य नुसता आळशी होता. बाकीच्यांनी तर काही न करता, बसल्या बसल्या, एका बाईचा तिच्या स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडवला होता. मला आळश्यापेक्षा त्यांची किळस जास्त आली. आणि सगळ्यात जास्त कुणाची आली असेल तर वर खोलीत बसून चेनला तेल लावणाऱ्या माझ्या सख्ख्या भावाची.

मी त्याला त्या रात्री इतकं बोलले की शेजारच्यांनी रेडिओ बंद केला. म्हटलं, तू साधा नाहीस, तू भित्रा आहेस. म्हटलं, सगळ्यांच्या मागे राहून राहून तुझा कणा गळून पडलाय. म्हटलं, उद्या तू तिला खरं सांगितलं नाहीस तर तुझे कपडे या घरात धुतले जाणार नाहीत आणि तुझं ताटही. तो खाली मान घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तिचं प्लास्टर परवा बदलायचंय. तेव्हा सांगतो."

"मी येणार," मी म्हटलं. माझा भरवसा नव्हता त्याच्यावर.

प्लास्टरची खोली इस्पितळाच्या मागच्या अंगाला आहे. ओल्या चुन्यासारखा वास, जमिनीवर सगळीकडे पांढरी पावलं, कोपऱ्यात कापून काढलेल्या पायांच्या नि हातांच्या पोकळ टरफलांचा ढीग. काहींवर कोणाकोणाच्या सह्या होत्या. त्यातल्या घामाचा आंबूस वास मला दारातच अडवत होता, पण मी पदर नाकाला लावून उभी राहिले. भावाने करवतीने जुनं प्लास्टर कापलं. आतला पाय बारीक झालेला, कातडी सोलवटलेली, तिचे पापुद्रे निघत होते. त्याने तो कोमट पाण्याने पुसला, कापूस गुंडाळला. त्याचे हात तेवढे वाखाणण्यासारखे आहेत, कुणालाही दुखू देत नाहीत.

बाई खूप बोलत होत्या. घाबरलेली माणसं बोलतात तसं. "मी डोळे तपासून घेतले काल. इथल्याच डॉक्टरांकडे. ते म्हणाले नंबर बदललेला नाही. पण मग मला एवढा मोठा माणूस दिसला कसा नाही? वाचनालयात आता शिडीवर चढायचीसुद्धा भीती वाटेल. तुम्हाला माझ्यामुळे किती—"

"बाई," भाऊ म्हणाला. हातातली प्लास्टरची पट्टी त्याने बादलीत बुडवली होती, ती तशीच धरून. "फाट्यावर कोणी नव्हतं."

"काय?"

"दंतवैद्य थांबलेच नव्हते. सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही."

बाईंनी चष्मा काढला, तो साडीला पुसला, पुन्हा लावला, आणि हसल्या. किती दिवसांनी हसल्या असतील कोण जाणे. मला वाटलं, जिंकलं. बाकीचे अकराच्या अकरा गेले खड्ड्यात, माझा भाऊ तेवढा बोलला, आणि त्याला बोलायला मी लावलं.

"पण तुम्हाला कसं कळलं?" बाईंनी विचारलं.

"मी तुमच्या मागून आलो तेव्हा जागा रिकामी होती. मी थांबलो थोडा. मला वाटलं, तुम्हाला घेऊन कोणीतरी पुढे गेलं असेल. म्हणून मी वळलो."

"इंजिन चालू ठेवून थांबला होतात?"

"हो."

बाईंचं हसू गेलं. त्या सावकाश बोलायला लागल्या, एकेक शब्द नीट लावून. "मी पडले त्यानंतर बऱ्याच वेळाने वर एक गाडी आली होती. थांबली. मी हाका मारल्या. मदत करा, मदत करा, म्हणून जितकं ओरडता येईल तितकं ओरडले. चार वेळा. मग ती गेली. मला नंतर वाटलं, भास झाला असेल." त्यांनी भावाकडे पाहिलं. "ती तुमची होती?"

"डोक्यावर हेल्मेट होतं," भाऊ म्हणाला, आणि मग, "हो. माझीच."

बादलीत पाणी ठिबकत होतं. त्याच्या मुठीतली पट्टी आळायला लागली होती. मी काहीतरी बोलणार होते, की त्याला ऐकूच आलं नसेल, की शोधलं तर त्यानेच, पाठीवरून आणलं तर त्यानेच. पण दंतवैद्यही असंच काहीतरी म्हणाला असता, हे माझ्या लक्षात आलं, आणि मला माझ्याच जिभेचा वीट आला.

बाईंनी मोकळा पाय दोन्ही हातांनी उचलून स्वतःकडे ओढून घेतला. दुखलं असणार, चेहरा पांढरा पडला.

"प्लास्टर घालायला इथे दुसरं कोणी आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे," भाऊ म्हणाला. दगड झालेली पट्टी त्याने कचऱ्यात टाकली, हात पुसले आणि दुसऱ्या माणसाला बोलवायला गेला.