अर्ध्या कोयत्याच्या घराचा लोड

वायरमनने आमच्या घराचा लोड दारात उभ्यानेच ठरवला. मोटारसायकलसुद्धा बंद केली नाही. नव्या वीजजोडणीच्या फॉर्मवर लिहिलं, एक बल्ब.

"एकच काहून?" आईने विचारलं.

"मावशी, दिवाळी झाली की तुमी कुलूप लावून उसाला जाता. सहा महिनं घर बंद. एक बी लई झाला."

तो खोटं बोलत नव्हता, म्हणूनच मला जास्त राग आला. शिरूर कासारच्या बाजूला आमच्या वस्तीत ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक घरासमोर तो डोळे मिटून हेच लिहायचा. सरपंचांच्या टीव्हीवर तेव्हा रोज नवा फ्रीज, नवा मिक्सर दिसायचा. आमच्या वाट्याला एक बल्ब, आणि तोही कुलपाआड.

पण त्या वर्षी आईने ठरवलं होतं की कुलूप लावायचं नाही.

कारण मी होते. तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. वडील वारले आणि आई तोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत अर्धा कोयता झाली. तोडीच्या दिवसांत मामाकडे राहून मी नववी पास झाले, तेव्हा मुकादम घरी येऊन मला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाला, "पोरगी आली की कोयता पुरा व्हतो." आईने त्याला चहासुद्धा विचारला नाही. दुसऱ्या आठवड्यात तिने चारही शेळ्या विकल्या आणि तेलगावच्या मामाकडून एक अश्वशक्तीची जुनी घरगुती पिठाची गिरणी आणली. सगळी वस्ती तोडीला गेली की मागे म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं उरायची. गावातला गिरणीवालाही तोडीलाच जायचा. मागे राहिलेल्यांना दळायला दोन कोस चालावं लागायचं. आईला त्यांचं दळण करायचं होतं.

गिरणी खाटेखाली, पोत्यात गुंडाळलेली. आणि फॉर्मवर एक बल्ब!

"मी लिहिते," म्हणत मी फॉर्म ओढून घेतला. एक अश्वशक्ती म्हणजे सातशे शेहेचाळीस वॅट, हे मला शाळेत नुकतंच शिकवलं होतं. चुलीपाशी एक बल्ब, दारात एक, साठ-साठचे. एक पंखा, साठचा. माझ्या अभ्यासाला चाळीसचा. पंखा आमच्याकडे नव्हता, तरी मी लिहिला. बेरीज नऊशे सहासष्ट आली. मी दोनदा तपासली.

वायरमन हसला. "पोरी, सगळं एका टायमाला चालत नसतं. निम्मं धरायचं असतंय."

ते 'निम्मं' ऐकलं आणि आईचा चेहरा बदलला.

"निम्मं धरू नका भाऊ," ती म्हणाली. "लोकांनी आमाला लई निम्मं धरलं. गिरणी चालंल तवा पोरीचा बल्ब बी जळंल. पुरं लिवा, न्हाई तर मी अंगठा देत न्हाई."

"एवढ्या लोडला सायेब घर बघाया येतील."

"येऊ द्या की. घर इथंच हाय."

साहेब आले. पत्र्याच्या दोन खोल्या बघितल्या, खाटेखालची गिरणी बघितली, पंखा कुठे आहे म्हणून विचारलं. "घेनार हाय," आई म्हणाली. साहेबांनी माझी बेरीज एकदा बोट फिरवून केली आणि सही केली. माझ्या गणिताला इतका मान आधी कुणी दिला नव्हता, आणि बोर्डाच्या परीक्षेनेही पुढे तेवढा दिला नाही.

दिवाळी झाली. गाड्या भरल्या, चुली-भांडी वर चढली. मुकादम दारात येऊन आईच्या नावाने ओरडत राहिला. गिरणीच्या आवाजात तिला काही ऐकू येईना. शेवटी मीच बाहेर गेले.

"गाडी खोळंबली. आई कुठंय तुझी?"

"दळतीय. आमी येत न्हाई औंदा."

"अर्धा कोयता घरी बसून काय खानार गं?"

आत आईची गिरणी चालू होती, आणि भर दिवसा माझा चाळीसचा बल्बही मी मुद्दाम लावून ठेवला होता.

"अर्धा न्हाई," मी म्हणाले. "नऊशे सहासष्ट."