सेव्ह न करणारा माणूस

केनवडच्या बाजारात ऑनलाइन फॉर्म भरून देणारा एक माणूस बसतो. नाव मी कधी विचारलं नाही. मुलीच्या स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला गेलो तो शेवटचा दिवस, आणि साइट नेमकी बंद. "बसा, होते सुरू," म्हणत त्याने त्याच कॉम्प्युटरवर जुना व्हिडिओ गेम लावला. लहानपणी आम्ही टीव्हीला डबा जोडून, कॅसेट खुपसून खेळायचो, तोच. आता सॉफ्टवेअरवर चालतो म्हणे.

माणूस पंचेचाळिशीचा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. गेममधला गडी उडी मारायचा तेव्हा हाही खुर्चीसकट उडायचा आणि खुर्ची कुरकुरायची.

तो शेवटच्या राक्षसापाशी पोचला तेव्हा मी म्हणालो, "इथं सेव्ह करता येते ना?"

मी जणू पेपरात कॉपी करायला सांगितलं, असं त्याने माझ्याकडे पाहिलं. "आपल्या टायमाले लाइट गेली की पयल्यापासून खेळा लागे. सेव्ह कायले?"

तेवढ्यात साइट सुरू झाली. राक्षस अर्धमेला होता. त्याला तसाच सोडून याने गेम बंद केला आणि माझा फॉर्म उघडला. मुलीचं नाव टाकलं, सेव्ह. जन्मतारीख टाकली, सेव्ह.

"मंग इथं काहून सेव्ह करून राह्यले?" मी चिडवलं.

मान वर न करता तो म्हणाला, "तिथं मेलो तं मी मेलो, भाऊ. हा पोरीचा फॉर्म आहे."

पावती घेऊन पायरी उतरलो. मागे खुर्ची पुन्हा कुरकुरायला लागली होती, पहिल्यापासून.