एक शिंक वाघाची

समोर कोणी शिंकलं की आमच्या वन्सं त्याच्या तोंडाकडे बघत नसत, हाताकडे बघत. हात शिंकेच्या वेळी कुठे होता, नंतर कुठे गेला, आता कशाला लागणार आहे. पाकीटमाराच्या मागे साध्या वेशातला पोलीस जावा तशी त्यांची नजर त्या हातामागे जाई. हात दाराच्या कडीकडे किंवा बिस्किटांच्या बशीकडे वळला की गर्जना होई, "थांबा!" एकदा विमा विकायला आलेले एक गृहस्थ तळहातावर शिंकले आणि त्याच हाताने माझ्या नवऱ्यापुढे पेन धरू लागले. वन्संनी त्यांना हाताला न शिवता, नुसत्या नजरेने हाकत बेसिनपाशी नेलं आणि साबण दाखवला. गृहस्थ इतके हबकले की सही न घेताच जिना उतरले.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, सुलभा. लग्न केलं नाही. ठाण्याला नौपाड्यात आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर त्यांची बालवाडी होती आणि दुसऱ्या मजल्यावर आम्ही सगळे एकत्र राहायचो. मुलं त्यांना बाई म्हणत. मुलांचे आईबाप तोंडावर बाई आणि पाठीमागे शिंकबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. "म्हणू देत," त्या म्हणायच्या, "खोकलाबाईपेक्षा बरं आहे की!"

माझी आणि त्यांची ओळखच शिंकेने झाली. मला बघायला मंडळी डोंबिवलीला आमच्या घरी आली होती. आईने फोडणीत मिरच्या जरा सढळ हाताने टाकल्या होत्या, त्यामुळे पोह्यांची बशी उचलताना मला शिंक आली. मी चांगल्या घरातली मुलगी, म्हणून उजव्या तळहातावर शालीनपणे शिंकले आणि त्याच हाताने पहिली बशी वन्संना दिली. त्यांनी ती घेतली, मांडीवर ठेवली आणि शेवटपर्यंत एकही घास खाल्ला नाही. "पोहे दिसतायत छान," एवढंच म्हणाल्या. मंडळी गेल्यावर आई स्वयंपाकघरात डोळे पुसत बसली. रात्री फोन आला. वन्संच बोलत होत्या. "मुलगी पसंत आहे. शिंकायचं आम्ही शिकवू."

आणि शिकवलं! लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला बालवाडीत, गुडघ्याएवढ्या पोरांच्या रांगेत, तेवढ्याच उंचीच्या खुर्चीवर बसवलं. (खुर्चीतून मला कसं उठवलं, ते सांगण्यासारखं नाही.) धडा असा होता: शिंक म्हणजे वाघ आणि खोकला म्हणजे कोल्हा. दोघेही नाकातोंडातून उडी मारून सुटायला टपलेले. त्यांना बंद करायची गुहा देवाने प्रत्येकाला दिली आहे, ती म्हणजे दुमडलेल्या कोपराची आतली बाजू. वाघ येतोय असं वाटलं की हात दुमडायचा, नाकतोंड गुहेत घालायचं आणि मग खुशाल डरकाळी फोडायची. डरकाळी झाली की बाकीच्यांनी ओरडायचं, "वाघ गुहेत!" कोणी उघड्यावर शिंकलं, तर ओरडायचं, "वाघ सुटला!" मग सगळा वर्ग बाकांखाली. पोरं बाकाखाली जायला मिळावं म्हणून मुद्दाम वाघ सोडतील असं मला वाटलं होतं. पण गुहेतली डरकाळी त्यांना जास्त आवडायची. घराघरांत तीन-चार वर्षांची पोरं शिंक नसतानाही कोपरात तोंड घालून डरकाळ्या फोडत हिंडत.

"पण वन्सं, रुमाल का नाही?" मी विचारलं. आमच्या लहानपणी शाळेत जाताना छातीवर रुमाल पिनेने टाचलेला असायचा.

"रुमाल म्हणजे वाघाचा डबा," त्या म्हणाल्या. "पोर दिवसभर तो डबा उघडतं आणि वाघ मोजतं. आणि तळहाताचं तर नावच काढू नकोस. हे बघ." त्यांनी तळहाताला गुलाबी रांगोळी फासली, त्यावर शिंकल्याचं खोटं नाटक केलं आणि नेहमीसारखा वर्ग घेतला. डबे उघडून दिले, वेण्या नीट केल्या, गाल ओढले. शाळा सुटेपर्यंत सगळी पोरं गुलाबी, दाराची कडी गुलाबी, न्यायला आलेल्या आया गुलाबी. माझ्या नाकावर गुलाबी ठिपका कसा आला, ते मला आजतागायत कळलेलं नाही. "कोपराने कोणी कडी काढत नाही," वन्सं म्हणाल्या, "आणि कोपराने कोणी कोणाला लाडू भरवत नाही. म्हणून कोपर."

त्यांचा एकच कायदा होता आणि पोरं तो पाढ्यासारखा म्हणत: "एक शिंक वाघाची, दोन शिंका घरी जायच्या." लागोपाठ दोन आल्या की दप्तर उचलायचं. रड, बाप नगरसेवक आहे म्हणून सांग, आजच वाढदिवस आहे म्हणून सांग, काही चालायचं नाही. "बाई, ही धुळीची शिंक होती," असं कोणी म्हटलं, तर उत्तर ठरलेलं: "वाघाला कुठून आलास म्हणून विचारत नसतात."

सासूबाईंचं शिंकेशी वेगळंच भांडण होतं. निघताना कोणी शिंकलं की त्या परत बसत, घोटभर पाणी पीत आणि बाकीचे तोवर चपलांत उभे. एकदा कल्याणच्या लग्नाला निघताना अशा तीनदा बसल्या आणि आम्ही शीळफाट्याच्या गर्दीत सापडून थेट जेवणाच्या पंगतीला पोचलो. "बघितलंत, शिंकेचा परिणाम!" त्या म्हणाल्या. वन्संनी त्या दिवशी शांतपणे समजावलं. "आई, अपशकुन उघड्या शिंकेचा असतो. कोपरात शिंकलं की शिंक झाकलेली. झाकलेल्या दुधात माशी पडते का?" सासूबाईंनी विचार केला. त्यांना ते पटलं! तेव्हापासून आमच्या घरातला अपशकुन मिटला, तो असा.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर आमची मुलगी झाली. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर झाली, आणि तीही वेळेच्या आधी, ओंजळीत मावेल एवढी. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "हिला सर्दी-खोकला झाला तर झेपायचा नाही. सांभाळा." त्या दिवसापासून दारात साबण घेऊन वन्सं उभ्या. दूधवाला, शेजारी, माझे सख्खे वडील, कोणालाही धुतल्याशिवाय आत घेतलं नाही.

बारसं लांबवत लांबवत बाळाने जरा अंग धरल्यावर केलं. बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. वन्संना एकुलता एक भाऊ, म्हणजे आत्या व्हायची ही त्यांची एकच संधी, आणि तिची वाट बघता बघता त्यांचे केस पांढरे झाले होते. नाव त्यांनी ठरवलं होतं, पण मलाही सांगितलं नाही. "आधी तिच्या कानात, मग तुमच्या." मोरपंखी पैठणी नेसल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना लाजताना पाहिलं. पाळणा सजला, सुंठवडा वाटला, बालवाडीतली आणि इमारतीतली पोरं पुढे येऊन बसली. वन्सं वाकल्या, बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालायला सरसावल्या, आणि वन्सं ताठ उभ्या राहिल्या. मान वळवली, पैठणीचा हात दुमडला.

"फॅक!"

"वाघ गुहेत!" पोरं आनंदाने ओरडली.

वन्संनी पदर सावरला, पुन्हा वाकल्या. पुन्हा ताठ झाल्या. पुन्हा "फॅक!"

या वेळी कोणी ओरडलं नाही. पुढे बसलेला चिनू फक्त डोळे मोठे करून म्हणाला, "बाई... दोन."

"अगं सुलू, सुंठवड्याची शिंक आहे ती!" सासूबाई कळवळून म्हणाल्या. "नाकात सुंठ गेली, दुसरं काय?"

"ताई, कर गं तू," माझा नवरा म्हणाला. "एवढ्याने काय होतंय?"

मी बाळाला घट्ट धरून बसले होते. करा, असं म्हणायचं होतं, पण मी बाळाला आणखी जवळ ओढलं. वन्संनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या पोरांकडे. "वाघाला कुठून आलास म्हणून विचारत नसतात," एवढं म्हणाल्या आणि नाकतोंड कोपरात धरून, पैठणी सावरत, सरळ दाराबाहेर गेल्या. पोरंही उठून त्यांच्यामागे गेली. बाईंना घरी पाठवलं तर शाळा सुटली, असा त्यांचा हिशोब असावा.

मग आमच्या कल्याणच्या चुलत वन्सं हात पुसत पुढे आल्या. "चुलत असले तरी आत्याच ना मी? मुहूर्त टळायला नको. मीच करते." त्या वाकणार, तेवढ्यात खालून, इमारतीच्या अंगणातून, पंधरा-वीस गळ्यांचा आवाज गॅलरीतून आत घुसला.

"कुर्रर्रर्रर्र!"

आम्ही गॅलरीत धावलो. खाली वन्सं पोरांपासून चार हात लांब, पार्किंगच्या खांबाशी उभ्या, कोपर अजून नाकावर. दुसरा हात त्यांनी वर उचलला, खाली आणला, आणि पोरं बेंबीच्या देठापासून ओरडली, "रेवाऽऽऽ!"

समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या. आमच्या बायकांचे हात धपाट्यांसाठी केव्हाचे उचललेले होते, ते कुठेतरी पडायलाच हवे होते. समोर गॅलरीच्या कठड्यावरून वाकलेली कल्याणच्या वन्संची पाठ होती. "अगं, मी नाही! मी नाही केलं!" त्या ओरडत होत्या. आणि या गदारोळात माझ्या हातातली रेवा शिंकली. एवढीशी, मांजराच्या पिलासारखी.

"शिंकली! म्हणजे खरं झालं!" सासूबाईंनी टाळी वाजवली. "नाव लागलं हो!"

"किती?" खालून वन्संचा घाबरा आवाज.

"एकच!" मी ओरडले.

"मग राहू दे घरी!"

मी हसले की रडले, ते मला अजून सांगता येत नाही. संध्याकाळी वन्संना सणसणून ताप भरला. सुंठवड्याचं नाव मग कोणी काढलं नाही. आठवडाभर त्या वर आल्याच नाहीत. तळमजल्यावर, बालवाडीत, पोरांच्या सतरंज्या एकाला एक जोडून झोपल्या, आणि सासूबाई दारात जेवणाचं ताट ठेवून दोन पावलं मागे सरायच्या. बऱ्या झाल्यावर आल्या, हात धुतले, रेवाला घेतलं आणि तिच्या कानाला तोंड लावून बराच वेळ काहीतरी पुटपुटल्या.

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"नाव तर सगळ्या नौपाड्याला कळलंय," त्या म्हणाल्या. "हिला नुसती गुहा कुठे आहे ते सांगितलं."

पुढे करोना आला आणि टीव्हीवर मोठमोठी माणसं कोपरात कसं शिंकायचं ते दाखवू लागली. वन्संनी चष्मा वर करून ते बघितलं. "उशिरा प्रवेश घेतलाय," म्हणाल्या, "पण घेऊ आपण वर्गात." त्यांची स्वतःची बालवाडी मात्र तेव्हा बंद झाली ती झालीच. गुडघे त्या छोट्या खुर्च्यांना नाही म्हणू लागले.

यंदा रेवाला सांगलीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. ठाण्यात काय कॉलेजं नाहीत, असं मी महिनाभर घरातल्या प्रत्येक भांड्याला ऐकवलं. जायच्या दिवशी आम्ही सगळे खोपटला एसटी डेपोत. वन्सं काठी टेकत आल्या होत्या. रेवा पायरीवर चढली, वळली, आणि तिने हात दुमडला.

"फॅक!"

"वाघ गुहेत," आम्ही सगळे एका सुरात म्हणालो. बाकावरच्या अनोळखी माणसाने पिशवी जवळ ओढली.

"फॅक!"

कोपरावरून रेवाचे डोळे आत्याकडे लागले. ते शिंकेने भरले होते की आणखी कशाने, ते मी आई असूनही सांगू शकत नाही. माझ्या मनात मात्र उकळ्या फुटल्या. दोन! कायदा म्हणजे कायदा! मी बॅगेच्या पट्ट्याला हातसुद्धा घातला. "वन्सं," मी म्हणाले, "दोन झाल्या. दोन शिंका घरी जायच्या."

कंडक्टरने बेल मारली. वन्संनी काठी या हातातून त्या हातात घेतली. जन्मभर ज्यांनी नगरसेवकाच्या पोराला सोडलं नाही, स्वतःला सोडलं नाही, त्या वन्सं रेवाकडे बघत, अगदी वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "एकच. दुसरी धुळीची होती."